टाळ्या नकोत, पासिंग द्या

दत्तात्रय लोहार हे नाव 2021 च्या डिसेंबरात देशभर झालं. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे त्यांचं गाव, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. लोहारांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातलं सामान जमवून छोटी जीप बांधली. तोंडवळा जुन्या विलीज जीपचा, चालू करायला दुचाकीसारखी किक, खर्च 60 हजारांच्या आसपास. व्हिडिओ फिरला. महिंद्रा कंपनीचे आनंद महिंद्रा यांनी तो पाहिला, कारागिरीची तारीफ केली आणि सांगितलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल. ती आम्हाला द्या, बदल्यात बोलेरो घ्या. 2022 च्या जानेवारीत लोहारांना बोलेरो मिळाली, जीप कंपनीच्या संग्रहात गेली. महिंद्रांचा मोठेपणा खरा आणि त्यांनी सांगितलेलं सत्यही खरं. त्या सत्याचा कोणालाच राग आला नाही, याचा मला राग आहे.

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये माझी हयात गेली आहे. घरी बांधलेल्या गाडीचं या देशात काय होतं ते मला माहीत आहे. आधी तिचा फोटो निघतो, मग पेपरात चौकट येते, मग पाहुणे सेल्फी काढतात आणि शेवटी ती पत्र्याच्या शेडमध्ये गंजत उभी राहते. ती सुरक्षित आहे का, ब्रेक पुरे पडतात का, वेल्डिंग धरणार आहे का, हे तपासून होय किंवा नाही सांगणारी खिडकीच आपल्याकडे नाही. नाही म्हणणारी खिडकीसुद्धा नाही! नापास व्हायलाही परीक्षा लागते.

कायद्याचे कागद काढून बघा. नवी गाडी पासिंगला नेताना फॉर्म 21 लागतो, म्हणजे विक्रीचा दाखला. फॉर्म 22 लागतो, म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचा उत्पादकाचा दाखला. ज्याने गाडी स्वतःच्या हाताने बांधली त्याला ती विकली कोणी? तिचा उत्पादक कोण? केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 126 उत्पादकाने गाडीचा नमुना चाचणी संस्थेकडून तपासून घ्यावा असं सांगतो. तो वर्षाला हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी लिहिलेला आहे. एकच गाडी बांधणारा माणूस त्या लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नव्हताच.

मग जुनी, नोंदणी असलेली गाडी घेऊन तिच्यात बदल करावेत? तिथे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी बुकातला तपशील विसंगत ठरेल असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5 हजार दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. चासी नवी, बॉडी नवी, सीट नवी, स्टिअरिंग कॉलम नवा. करा हिशेब.

मी एका कार्यालयात हा प्रश्न घेऊन गेलो होतो. टेबलामागच्या माणसाने कागद न उघडताच सांगितलं, "साहेब, शेतात फिरवा." आरटीओतल्या कारकुनाला मी दोष देत नाही. त्याच्या हातात नियमच नाही. दोष नियम करणाऱ्यांचा आहे आणि त्यांना जाब न विचारता जुगाडाचे व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्या आपल्या सगळ्यांचा आहे.

आता ब्रिटनकडे बघा, कारण घरी गाडी बांधायचा छंद तिथे रुजला. त्याची सुरुवात काही फार उदात्त नव्हती. तिथे तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांच्या पेटीवर नव्हता. कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन ही छोटी स्पोर्ट्स कार 1957 पासून अशा पेटीत मिळू लागली आणि लोकांनी कर वाचवायला ती घरी जोडली. 1973 मध्ये व्हॅट आला, सवलत गेली, त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. सवलत गेली तरी बांधणारे राहिले. पुढे रॉन चॅम्पियन नावाच्या शाळामास्तराने 1996 मध्ये पुस्तक काढलं: अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा. डोनर म्हणून जुनी फोर्ड एस्कॉर्ट घ्या, तिचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल काढा आणि 25 मिलिमीटरच्या चौकोनी पाइपची चासी स्वतः वेल्ड करा. त्या पुस्तकावरून माणसांनी गॅरेजात खरोखर गाड्या उभ्या केल्या.

आणि सरकारने? सरकारने परीक्षा ठेवली. 1998 पासून एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी सुरू झाली; 2009 मध्ये ती आणखी कडक झाली, आता तिला आयव्हीए म्हणतात. ब्रेक रोलरवर मोजतात. सीटबेल्ट कुठे आणि कसा बोल्ट केलाय ते बघतात. माणसाला लागू शकेल अशी बाहेरची कोणतीही कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी. वळण घेतल्यावर स्टिअरिंग सोडलं तर चाकं आपोआप सरळ व्हायला लागली पाहिजेत. हलक्या गाडीत कास्टरचा, म्हणजे पुढच्या चाकाच्या वळण्याच्या आसाचा, कोन चुकला की तसं होत नाही, आणि भल्याभल्यांची गाडी तिथेच अडकते. धूर, आवाज, स्पीडोमीटर, आरसे, दिव्यांची उंची, सगळं तपासतात. नापास झालात तर दोषांची यादी हातात मिळते. दुरुस्त करा, कमी फी भरून पुन्हा या. गाडी वेगवेगळ्या वयाच्या भागांची असेल, वय सांगता येत नसेल, तर क्यू अक्षराने सुरू होणारा नंबर मिळतो. पुढे ती विकत घेणाऱ्याला प्लेटवरूनच कळतं की गाडी मिश्र सामानाची आहे.

तिथेही पळवाटा आहेत. परीक्षेपुरत्या नटांवर रबरी टोप्या चढवायच्या आणि घरी जाऊन काढायच्या, असं करणारे आहेत. म्हणून त्यांनी परीक्षा बंद केली नाही.

आपल्याकडे सामान नाही असं कोणी म्हणू नये. एस्कॉर्टचं काम करणारी गाडी आपल्या दारात उभी होती आणि आपण तिला फक्त शाळेची मुलं आणि दुधाचे कॅन भरले. मारुती ओम्नी! 1984 ते 2019 इतकी वर्षं ती निघाली. 796 सीसीचं इंजिन उभं बसवलेलं, त्यामागे गिअरबॉक्स, मग प्रोपेलर शाफ्ट, मागे पाट्यांवरचा अखंड ॲक्सल. सेव्हनच्या धाटणीची छोटी गाडी बांधायला यापेक्षा सरळ मांडणी कुठली हवी? त्याआधीची पद्मिनीही मागच्या चाकांवर चालणारी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली तेव्हा लोक हळहळले, फोटो टाकले. या टॅक्स्या वर्षानुवर्षं भंगारात जात होत्या तेव्हा त्यांचा ॲक्सल, त्यांची गिअरबॉक्स काढून कोणाला नवं काही कायदेशीरपणे बांधता आलं असतं का, हा प्रश्न कोणी विचारला?

काम सोपं आहे असं मी म्हणत नाही. ओम्नीचं सामान साधारण निम्म्या वजनाच्या गाडीत घातलं की सगळी गणितं बदलतात. मागचे पाटे लाकडासारखे कडक लागतात. ब्रेकचं पुढचं-मागचं प्रमाण मूळ गाडीच्या वजनासाठी ठरवलेलं असतं, ते नव्या गाडीत तसंच ठेवलं तर जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात आणि गाडी फिरू शकते. शाफ्ट कापून आखूड केला की तो बॅलन्स करून घ्यावाच लागतो. ओम्नीच्या पुढच्या सस्पेन्शनच्या उंच स्ट्रटला बसक्या बोनेटखाली जागा नसते, म्हणून चाक धरणारे विशबोन स्वतः बांधावे लागतात, आणि तिथे एक वेल्ड सुटला तर चाक निखळतं. हे शिकायला दोन-तीन वर्षं लागतात. ही वर्षं ज्याने दिली, त्या माणसाला मोटारगाडी कळलेली असते. पिथमपूरच्या बाहा या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेसाठी आमची इंजिनिअरिंगची पोरं रात्र रात्र जागून पाइपचे सांगाडे वेल्ड करतात, उतारावर, खडकावर गाडी मोडेपर्यंत पळवतात. स्पर्धा संपली की ती गाडी कॉलेजच्या कोपऱ्यात, आणि पोरगं आयटीत.

आणि परीक्षा घ्यायला जागा नाही असंही कोणी म्हणू नये. नियम 126 मध्ये ज्या चाचणी संस्थांची नावं आहेत, त्यांतल्या तीन आपल्याच राज्यात आहेत: पुण्यात एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरला व्हीआरडीई. रोलर आहेत, धूर मोजायची यंत्रं आहेत, शिकलेली माणसं आहेत. आणि छोट्या कारागिराला कायदा ओळखतच नाही असंही नाही. ट्रक-बसची नुसती चासी कारखान्यातून निघते आणि बॉडी गावातला बॉडी बिल्डर बांधतो. त्यासाठी फॉर्म 22-ए आहे, एक भाग चासीवाल्याचा आणि दुसरा बॉडीवाल्याचा. म्हणजे 50 माणसं बसणारी बॉडी बांधणाऱ्याच्या सहीला किंमत आहे, पण दोन माणसांची छोटी गाडी बांधणाऱ्याला सही करायला कागद नाही.

माझा सगळ्यात मोठा संताप लग्नाच्या गाड्यांवर आहे. जुन्या जीपच्या नाहीतर मारुतीच्या चासीवर फायबरचा डोलारा चढवायचा, पुढे खोटा रेडिएटर, बाजूला खोटी स्पेअर व्हील, पितळी रंगाचा भोंगा, आणि म्हणायचं 'व्हिंटेज'. कागदावर गाडी जुनीच, वर बॉडी भलतीच. कलम 52 चा हा भरदिवसा, बँडबाजासकट चाललेला भंग आहे. नवरदेव आत बसलेला, वऱ्हाड पुढे नाचतंय आणि पोलीस वाहतूक अडवून वाट करून देतोय. 2021 च्या नियमांनी खऱ्या व्हिंटेज गाडीची व्याख्या केली: 50 वर्षांहून जुनी, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसलेली. जो माणूस अशी खरी गाडी जपतो, तो पै-पै मोजून मूळ भाग शोधत फिरतो. जो माणूस स्वतःची नवी गाडी प्रामाणिकपणे बांधतो, त्याला दारातून परत पाठवतात. आणि जो फायबर चिकटवून खोटं विकतो, तो सीझनला बुकिंग घेतो. याला कायद्याचं राज्य म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सुरक्षेचा मुद्दा काढणाऱ्यांना माझं उत्तर सरळ आहे. मला सुरक्षा तुमच्याइतकीच हवी आहे, म्हणून तर परीक्षा मागतोय. उसाच्या हंगामात आमच्या भागात रात्री फिरून बघा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, चाकांच्या बाहेर लोंबणारा ऊस, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. त्या वाहनांखाली माणसं मेलेली मी पाहिली आहेत. ती चालतात, आणि तपासायला तयार असलेली गाडी चालत नाही. सुरक्षा हे कारण नाही. तपासणीची तसदी नको, हे कारण आहे.

त्याच दमात आमच्या धंद्यातल्या लोकांनाही सांगतो. चासी मधून कापून, पट्टी लावून जोडणारे, स्टिअरिंगचा शाफ्ट टाका मारून लांबवणारे, रुंद टायर घालून चाकांचे बेअरिंग खाणारे, हे बांधणारे नाहीत. ते दुसऱ्याच्या पोराचा जीव घेणारे आहेत. 'जुगाड' म्हणून त्यांना डोक्यावर घेणं बंद करा. परीक्षा सुरू झाली तर पहिल्या दिवशी हेच घरी जातील आणि मला त्याचं समाधान वाटेल.

मागणी अवघड नाही. केंद्राने नियमांत एक स्वतंत्र प्रकरण घालावं: एका माणसाने, स्वतःसाठी, वर्षाला एकच गाडी. बांधतानाचे फोटो आणि डोनरचे कागद जोडणं सक्तीचं, म्हणजे चोरीची गाडी यातून धुऊन निघणार नाही. चासी उघडी असताना एक तपासणी, गाडी पूर्ण झाल्यावर दुसरी. नंबर प्लेटवर वेगळं अक्षर. ठरावीक वर्षं विक्रीला बंदी, म्हणजे कोणी याचा कारखाना करणार नाही. खर्च पूर्ण निघेल इतकी फी घ्या, सबसिडी कोणी मागितलेली नाही. आणि विमा कंपन्यांना या वर्गाची पॉलिसी द्यायला भाग पाडा, कारण थर्ड पार्टी विमा मिळाला नाही तर पास झालेली गाडीही दारातच राहील. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने हा मसुदा दिल्लीला पाठवावा. चाचणी संस्था आपल्या, कारागीर आपले, मग पहिलं पत्र दुसऱ्या राज्याने का लिहावं?