भागाकार बरोबर, उत्तर चूक!

पहाटे कामगारांना नेणाऱ्या बसगाड्या अल क्वोजकरांना नव्या नाहीत. 180 कामगारांना 50 आसनी किती गाड्या लागतील, असे सातवीतल्या मुलाला आम्ही विचारतो, तेव्हा 3.6 हे उत्तर येते. शून्य पूर्णांक सहा गाडी आणायची कोठून? अमेरिकेतील 1982 च्या राष्ट्रीय पाहणीत 1128 सैनिक व 36 आसनी बस असा प्रश्न होता. 13 वर्षांच्या सुमारे 70 टक्के मुलांचा भागाकार अचूक होता. 32 हे उत्तर मात्र 23 टक्क्यांचेच! दोष मुलांचा नव्हे, रीतीलाच गुण देणाऱ्यांचा. आम्हां डॉक्टरांना परीक्षक निदानामागचे कारण खोदून विचारीत. पालकसभेत निव्वळ टक्केवारी विचारणाऱ्या आपण सर्वांनी यंदा विचारावे: उत्तर ताडून पाहण्याला गुण किती?