भाच्याचा प्रश्न

जर्मनींत शिकणारा आमचा एक भाचा मागील महिन्यांत नाशकास आला होता. न्यूरेंबर्ग शहरास दुसरा फ्रेडरिक या सम्राटानें सन १२१९ त हक्कांची सनद दिली, ती हकीकत त्यानें जेवतांना सांगितली आणि विचारलें, “मामा, त्या सुमारास आपल्या नाशकांत काय होतें?” पंक्तींत सगळेच गप्प! पंचवटी व सीतागुंफा सर्वांस सांगतां येते, पेशवाईहि येते. मधलीं शतकें मात्र कोरीं.

घाटावर याचें उत्तर मिळत नाहीं. नारोशंकराचें देऊळ १७४७ चें, सुंदरनारायणाचें १७५६ चें. काळाराम त्याहूनहि अलीकडचा. म्हणून दुसरे दिवशीं आम्हीं भाच्यास त्र्यंबकच्या वाटेवरील अंजनेरीस नेलें. डोंगराच्या पायथ्याशीं तेथें पडक्या देवळांचा समूह आहे. त्यांतील एका जैन मंदिरांतला शिलालेख शके १०६३ चा, म्हणजे सन ११४१-४२ चा. न्यूरेंबर्गच्या सनदेहून पाऊणशें वर्षें जुना. यादव राजा तिसरा सेउणचंद्र यानें चंद्रप्रभ तीर्थंकराच्या मंदिरास दुकानें दिलीं, आणि वत्सराज नांवाच्या व्यापाऱ्यानें दोघां सोबत्यांसह आणखी एक दुकान व एक घर दिलें, असें त्यांत आहे. आम्हांस राजापेक्षां हे व्यापारी अधिक मोलाचे वाटतात. देवाची पूजा दुकानांच्या उत्पन्नावर सोंपवावयाची, तर बाजार तसाच भरवंशाचा हवा.

पुढें चौदाव्या शतकांत जिनप्रभसूरि या जैन पंडितानें आपल्या ‘विविधतीर्थकल्प’ ग्रंथांत नासिक्यपुरावर स्वतंत्र प्रकरण लिहिलें. मोगली अमलांत गांवाचें नांव गुलशनाबाद, म्हणजे फुलबागेचें शहर, असें झालें. मराठ्यांच्या राज्यांत तें पुन्हां नाशिक झालें. नांव गोड होतें, हें मान्य करावयास हरकत नाहीं.

परततांना गोदाकांठच्या जुन्या गढीखालीं थांबलों. सन १९५०-५१ त डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळिया व डॉ. देव यांनीं येथील मातीचे थर खणून तपासले होते. मुसलमानी व मराठी अमलाचा थर सर्वांत वरचा. त्याच मातीवर आज लोकांचे संसार आहेत, आणि पावसाळ्यांत गढीची कड ढासळून नदीकडे येते. पायथ्याशीं एक खापर पडलें होतें. भाच्यानें तें उचललें, उलटसुलट पाहिलें, आणि “हें कोणत्या काळचें, मामा?” म्हणून पुन्हां आमच्याकडेच पाहूं लागला.