टबावरचा डाग आणि छातीतली धाप



दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात आमच्या दवाखान्यात येणारी काही दुखणी ठरलेली असतात. माळ्यावरचे डबे काढताना लचकलेली कंबर, जळमटे झाडताना उफाळलेला दमा, स्टुलावरून निसटलेला पाय. गेल्या वर्षी त्यांत एका निराळ्या दुखण्याची भर पडली.

सत्तरी ओलांडलेल्या एक काकू रिक्षातून उतरल्या त्या खोकतच. डोळे लाल, आवाज बसलेला, शब्दागणिक धाप. मुलाने हौसेने घेतलेल्या त्यांच्या सदनिकेत बाथटब आहे. एरवी त्यात बादल्याच ठेवलेल्या असतात. बोअरवेलच्या पाण्याने तळाशी पांढरट थर धरलेला आणि नळाखाली तांबूस ओघळ उमटलेला. परदेशातून नातवंडे येणार, त्यांना असा टब कसा दाखवायचा, ही काकूंची टोचणी. त्यांनी आधी संडास साफ करण्याचे ॲसिड ओतले. डाग हलेना, म्हणून ते न धुताच वर कपड्यांचे ब्लीच ओतले. वास घरभर पसरू नये म्हणून दार लावून घेतले आणि टबात वाकून घासू लागल्या. दोन रात्री रुग्णालयात प्राणवायूवर काढून परतल्यावर त्या मला म्हणाल्या, “डॉक्टर, डाग काही गेला नाही, मीच जायची वेळ आली होती.”

यात काय घडले, हे समजून घेण्याजोगे आहे. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साठतो. म्हणजे टबात वाकलेल्या माणसाच्या नेमका नाकाशी. डोळ्यांच्या, घशाच्या आणि फुप्फुसांच्या ओलसर अस्तराला तो भाजून काढतो. ज्यांना दमा, जुनाट खोकला किंवा हृदयविकार आहे, त्यांना थोडासा वायूही महागात पडतो. अमोनिया असलेल्या काचा पुसण्याच्या द्रवात ब्लीच मिसळले, तरी असाच विषारी वायू तयार होतो. तेव्हा पहिला आणि सर्वांत मोठा नियम हा : एका वेळी एकच पदार्थ वापरावा. तो उतरला नाही, तर भरपूर पाण्याने धुऊन त्या दिवसापुरते काम थांबवावे.

औषधाआधी निदान करावे लागते, तसेच डागाचेही आहे. पांढरा, खरखरीत थर म्हणजे जड पाण्यातील कॅल्शियमचे क्षार. ते सौम्य आम्लात विरघळतात. त्यासाठी तीव्र ॲसिडाची गरज नसते. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवावे, त्यात जुने सुती फडके भिजवून डागावर पंधरा-वीस मिनिटे पसरून ठेवावे, मग मऊ स्पंजाने पुसून स्वच्छ धुवावे. वर्षांचा थर एका दिवसात जात नाही. हाच उपाय तीन-चार दिवस करावा. नळाखालचा तांबूस ओघळ हा लोहाचा, म्हणजे गंजाचा डाग. त्यालाही लिंबूसत्त्वच लावून पाहावे. ब्लीचने तो निघत नाही, उलट अधिक पक्का बसतो. कडेने जमणारी राखाडी, चिकट रेघ साबणाची असते; ती भांड्यांच्या साबणाने आणि खाण्याच्या सोड्याने सुटते. फटींतल्या काळ्या बुरशीला मात्र ब्लीच चालते. पण ते पातळ करून, वेगळ्या दिवशी, खिडकी उघडी ठेवून आणि पंखा लावून.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याची रीत अनेक घरांत आहे. त्यातून अपाय होत नाही. फेस पाहून समाधानही वाटते. परंतु दोन्ही पदार्थ एकमेकांचा प्रभाव नाहीसा करतात आणि डाग जागच्या जागी राहतो.

टब ॲक्रिलिकचा असेल तर तारेची घासणी वापरू नये. ओरखड्यांत मळ अधिक धरतो. मुलामा दिलेल्या जुन्या लोखंडी टबावर तीव्र ॲसिड ओतल्यास तो मुलामाच निस्तेज होतो. ज्यांच्या न्हाणीघरात शहाबादी किंवा संगमरवरी फरशी आहे, त्यांनी लिंबूसत्त्वही लावू नये. त्या दगडातही तेच कॅल्शियमचे क्षार असतात. डागाबरोबर फरशीही झिजते.

आता माझ्या वयोवृद्ध वाचकांना थोडे आग्रहाने सांगतो. टबात वाकून घासणे हे आपले काम नव्हे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना वाकून एकदम उठल्यावर अंधारी येऊ शकते. समोर ओला, गुळगुळीत टब असतो. आणि या वयात मोडलेले खुब्याचे हाड माणसाला अंथरुणाला खिळवते. हे काम घरातील तरुण माणसाकडे किंवा मदतनिसाकडे सोपवावे. सोपवताना लिंबूसत्त्वाची कृती आणि ‘एका वेळी एकच’ हा नियमही सांगावा. मदतनिसाची फुप्फुसेही आपल्यासारखीच असतात.

काळजी घेणाऱ्यांसाठी एक सूचना. ॲसिड वा ब्लीच पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. मंद दृष्टीच्या किंवा विस्मरण जडलेल्या व्यक्तीच्या हाती ती बाटली पाणी म्हणून लागते. पोटात गेलेच, तर उलटी करवू नये. वर येताना ते अन्ननलिकेला पुन्हा भाजते. तडक रुग्णालय गाठावे.

वायूचा त्रास झाल्यास प्रथम त्या खोलीतून बाहेर, मोकळ्या हवेत यावे. आत जाऊन बादली उचलण्याचा मोह टाळावा. डोळे वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावेत, अंगावर उडाले असल्यास कपडे बदलावेत. धाप लागली, छाती आवळली किंवा खोकला थांबेना, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. थोडे बरे वाटले म्हणून घरी बसून राहू नये; फुप्फुसांवरील सूज काही तासांनीही वाढू शकते.

काकूंच्या टबाचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. नातवंडे आली. धाकट्याने टबात बादलीभर पाणी ओतून कागदाच्या होड्या सोडल्या. तळाशी डाग आहे, हे त्याच्या लक्षातही आले नाही. यंदा काकूंनी लिंबूसत्त्वाची पुडी आणून ठेवली आहे, आणि फडके पिळण्याचे काम सुनेकडे दिले आहे.