मासा फुकटचे मार्क देत नाही

‘ताई, सगळे मासे वर आलेत. तोंड उघडं ठेवून फिरताहेत.’

मे महिन्यातली दुपार. मी बुलढाण्यात, म्हणजे घाटावर. भाऊ शेगावच्या घरी, म्हणजे घाटाखाली. त्या दोन शब्दांत किती डिग्रीचा फरक असतो, ते आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना सांगायला नको. मासा पाण्याच्या वर येऊन तोंड उघडझाप करायला लागला, की समजायचं, त्याला श्वास पुरत नाहीये. संध्याकाळपर्यंत चार गोल्डफिशपैकी दोन गेले.

वाईट याचं वाटलं, की त्यांना मारणारं यंत्र मी स्वतः बनवलं होतं.

झालं असं, की दिवाळीच्या सुट्टीत मी आणि भावाने फिश टँकसाठी कंट्रोलर बनवला. रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याच्या कॅटएवढा कॉम्प्युटर, पाण्यात बुडवायचा तापमानाचा सेन्सर आणि लाईट, पंप, हीटर चालू-बंद करणारा रिले बोर्ड. एवढंच सामान. पाय एका सीनिअरकडून जुना घेतला, सेन्सर शे-दीडशेत आला. घरी सांगितलं, ‘पाय आणलाय’, तर आजी म्हणाली, ‘कोनाचा गं?’

मी मास कॉमवाली. कोडिंगशी माझा संबंध शून्य. व्हिडिओ लावला, कोड कॉपी केला, वायरी जोडल्या आणि चाललं की सगळं! मोबाईलवर तापमान दिसायचं. मी स्टेटसही ठेवलं. लाइक्स भरपूर आले. कोडमधल्या एका ओळीचाही अर्थ मात्र मला माहीत नव्हता.

मग मे महिना आला. त्या दुपारी लाईन तीनदा गेली आणि आली. पाय हा शेवटी कॉम्प्युटरच. त्याची सगळी सिस्टीम एका मेमरी कार्डवर असते आणि अचानक लाईन गेली की ते कार्ड कधी कधी खराब होतं. तसंच झालं. लाईन परत आली, पण पाय चालूच झाला नाही. आणि हवेचा पंपसुद्धा आम्ही पायच्याच ताब्यात दिला होता, कारण व्हिडिओत तसंच होतं. त्यात पाणी तापलेलं. २५ डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३५ डिग्रीला तो ७ वर येतो. म्हणजे हवा आधीच कमी आणि पंप बंद.

नंतर शांत डोक्याने तो व्हिडिओ परत पाहिला. खिडकीबाहेर बर्फ होता! बनवणाऱ्याची काळजी पाणी गार पडू नये ही. त्याच्याकडे लाईन जात नाही, त्याचं पाणी गोडं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. चूक माझी होती. शेगावच्या टँकला मी बर्फातलं उत्तर लावलं होतं.

म्हणून दुसऱ्यांदा बनवताना आधी आपले प्रश्न लिहून काढले. पहिला, लाईन. रिलेला दोन प्रकारची जोडणी असते. एकीत कॉम्प्युटरने हुकूम दिला तरच पंप चालतो. दुसरीत पंप चालूच असतो, बंद करायला हुकूम लागतो. आम्ही दुसरी केली. आता पाय मेला तरी पंप चालू राहतो. लाईनच गेली तर बॅटरीवरचा छोटा पंप आहे. पायला स्वतःचं घड्याळही नव्हतं. लाईन आणि नेट दोन्ही गेलं की त्याची वेळ चुकायची आणि लाईट मध्यरात्री लागायचा. त्यासाठी सेलवरचं छोटं घड्याळ बसवलं. सेन्सरचीही गंमत आहे. करंट तुटून परत आला की मोजमाप व्हायच्या आधी तो ८५ डिग्री सांगतो. एकदा मोबाईलवर मेसेज आला, ‘पाणी ८५ डिग्री’. मी घाबरून फोन केला, भाऊ म्हणाला, ‘रस्सा झाला असेल.’ आता ८५ आकडा आला तर तो सोडून परत मोजायचं, असं कोडमध्ये लिहिलंय. ती ओळ मी लिहिली, कॉपी नाही केली.

दुसरा प्रश्न, ऊन. हीटर काढला आणि पाण्यावर वारा मारणारा छोटा पंखा लावला. पाणी उडतं तसं गार होतं. आपल्या घरातल्या कूलरचंच तत्त्व. कोरड्या उन्हाळ्यात पाणी दोन-तीन डिग्रीने उतरतं. पावसाळ्यात कूलर जसा नुसता चिकचिक करतो, तसा हा पंखाही तेव्हा निकामी.

तिसरा प्रश्न खास आपला. शेगाव, संग्रामपूरकडचा भाग खारपाणपट्ट्यातला. पंख्याने पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. वरून तेच खारं पाणी भरलं की क्षार वाढत जातात. हे कुठे पाहिल्यासारखं वाटतं ना? लोणार! पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही, उडून मात्र जातं. म्हणून ते सरोवर खारं. जून २०२० मध्ये पाणी कमी होऊन खारेपणा वाढला, मीठ आवडणारे सूक्ष्मजीव वाढले आणि सरोवर गुलाबी झालं. आमच्या टँकचंही लोणार होऊ नये म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी फिल्टरचं पाणी टाकतो आणि आठवड्याला थोडं पाणी बदलतो.

आता मुद्द्याचं. फायनल इयरचा प्रोजेक्ट रेडिमेड मिळतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पैसे द्या, बॉक्स आणा, व्हायवाला बटण दाबा, एलईडी लागला की मार्क. दुसऱ्या दिवशी तो बॉक्स चालतो का, हे कुणी बघत नाही. गंमत अशी, की २०१२ मध्ये केंब्रिजच्या लोकांनी हा स्वस्त कॉम्प्युटर बाजारात आणला तो नेमका उलट कारणासाठी. कॉलेजला येणाऱ्या पोरांना कॉम्प्युटर वापरता येतो, पण आत हात घालता येत नाही, ही त्यांची तक्रार होती. आपण त्याच पायचा रेडिमेड प्रोजेक्ट विकत घेतो!

माझं म्हणणं साधं आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये एक टँक ठेवा. कंट्रोलर पोरांनी बनवायचा आणि तो एप्रिल ते जून चालवून दाखवायचा. व्हायवा त्यानंतर. एक्स्टर्नलला चहा-नाश्त्याने खूश करता येतं, माशाला नाही.

कुणी म्हणेल, प्रयोगासाठी माशांचा जीव का घ्यायचा? बरोबर आहे. हा प्रश्न मी स्वतःला आधी विचारायला हवा होता. म्हणून पहिले पंधरा दिवस फक्त पाण्याची बादली. मुद्दाम मेन स्विच पाडा, सेन्सर उपसा, कार्ड काढा. सगळं करूनही पंप चालू राहिला, तरच मासे सोडा. आणि २३० व्होल्टची जोडणी वायरमनकडूनच करून घ्या, शॉक जीवघेणा व्हायच्या आत लाईन तोडणारा ब्रेकर बसवा. पाण्याशेजारी हुशारी नको.

दुसरं कुणी म्हणेल, बाजारात तयार थर्मोस्टॅट मिळतो की. मिळतो, आणि नुसते मासे पाळायचे असतील तर तोच घ्या. पण आपल्याकडे गावोगावी शेततळी झालीत, काहींत मासेही सोडलेत. तळ्यातला ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी होतो, तेव्हा शेतकरी झोपलेला असतो. तिथल्या उन्हाला, तिथल्या लाईनला, तिथल्या पाण्याला चालेल असं काहीतरी कुणाला तरी बनवावं लागेल. बर्फातला माणूस ते बनवणार नाही.

उरलेले दोन गोल्डफिश अजून आहेत. गेल्या आठवड्यात लाईन गेली, तेव्हा मी फोन केला. भाऊ म्हणाला, ‘ताई, पाय बंद आहे, पंप चालू आहे.’

एवढे मार्क मला पुरे.