शरणागतीची किंमत

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र शिकवताना एक विधान हमखास केले जाते : त्यांनी आपले सारे बेत ईश्वरेच्छेवर सोपवले. विधान खोटे नाही. परंतु लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' समोर असताना ते अपुरे आहे, असे आमचे मत आहे.

पाचोऱ्यावरून जाणारा लोहमार्ग पूर्वेला नागपूर गाठतो. तेथून राजनांदगावला निघालेल्या टिळकांना १८९३च्या सुमारास गाडीतल्या एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १९१७मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे मानणाऱ्या या कवीची शरणागती वारकरी समर्पणाशी नाते सांगते, यात शंका नाही.

प्रश्न वेगळा आहे. टिळकांनी देवाच्या स्वाधीन केलेल्या बेतांत लक्ष्मीबाईंचाही संसार होता. बाप्तिस्म्याचा निर्णय त्यांना विचारून झालेला नव्हता. नवरा हयात असताना त्यांच्या वाट्याला ताटातूट आली, आप्तांच्या आधाराने दिवस काढावे लागले. एकत्र आल्यावरही पैसा हाती टिकू न देणाऱ्या माणसाचे घर त्यांनीच चालवले. खानदेशाला हे घर परके नाही. धरणगावी जन्मलेले बालकवी ठोमरे नगरला याच घरात राहिले. आल्यागेल्याला सामावून घेणारे टिळकांचे औदार्य आपण गौरवतो, पण त्यासाठीचे धान्य कोठून येई, हे 'स्मृतिचित्रे'च सांगतात.

म्हणून आम्हांला लक्ष्मीबाईंची शरणागती अधिक कसाला लागलेली वाटते. त्या पतीमागून मुकाट्याने गेल्या नाहीत. रागावल्या, भांडल्या, सोवळे पाळत राहिल्या. जातिभेद माणसांनी केलेला आहे, हे मनाला पटल्यावर, टिळकांनंतर सुमारे पाच वर्षांनी त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १९१९मध्ये टिळक वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ते पुढे नेण्याचे काम याच बाईंनी अंगावर घेतले. औपचारिक शिक्षण न मिळालेल्या स्त्रीने एवढे ओवीबद्ध लेखन करावे, ही आज्ञाधारकपणाची खूण नव्हे; स्वतःच्या बुद्धीने पत्करलेल्या सेवेची आहे.

ख्रिस्ती परंपरेतील समर्पणाचा आदर्श, म्हणजे गेथशेमाने बागेतील प्रार्थना, हेच सांगते. येशू आधी आपली इच्छा उघड बोलतो, प्याला टळावा अशी विनवणी करतो आणि मगच पित्याच्या इच्छेला मान देतो. जिला स्वतःची इच्छा उच्चारण्याची मुभाच नाही, तिच्या मौनाला शरणागती कसे म्हणावे?

हा भेद केवळ ग्रंथातला नाही. मुलीचे शिक्षण थांबवताना, तिचे लग्न ठरवताना 'देवाची इच्छा' हे शब्द आजही सर्वच धर्मांच्या घरांत ऐकू येतात. अशा वेळी कोणाचा बेत देवापाशी ठेवला जात आहे, आपला की दुसऱ्याचा, एवढे विचारावे. स्वतःचा बेत सोडणे ही भक्ती; दुसऱ्याचा बेत त्याला न विचारता सोडून देणे ही सत्ता. 'स्मृतिचित्रे' वर्गात वाचताना विनोदाला दाद जरूर द्यावी, पण त्या विनोदाखाली मांडलेला हा हिशेबही विद्यार्थ्यांपुढे ठेवावा.