संगणक मंद का होतो?

संगणक मंद झाला की तो जुना झाला असा निकाल देऊन पालकांस नव्या खर्चात पाडणे आम्हांस उचित वाटत नाही. दोष पुष्कळदा यंत्राचा नसून त्यातील संग्रहाचा असतो.

फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर मोकळी जागा विखुरलेली उरली, म्हणजे डाउनलोड केलेली मोठी फाइलही तुकड्यातुकड्यांनीच लिहिली जाते. मिनिटास ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. शेकडो तुकडे हुडकावयाचे झाल्यास विलंब साचत जातो. अशा डिस्कवरील निरुपयोगी फाइली काढून उरलेले तुकडे सलग मांडणे, म्हणजेच डिफ्रॅगमेंट करणे, हितावह होय.

परंतु एसएसडीस हाच उपाय करणे गैर. तीत फिरणारे काहीच नसते; शिवाय तिचे कोश ठरावीक वेळाच पुसता येत असल्यामुळे वृथा लेखनाने तिचे आयुष्य मात्र घटते. तिला थोडी मोकळी जागा व ‘ट्रिम’ ही आज्ञा पुरते. ती आज्ञा विंडोज बहुधा आपण होऊनच देते.

विद्यार्थिमित्रांनो, मिळते म्हणून उतरवून घेणे हा विद्यासंचय नव्हे. डिस्क कोणती ते ओळखा, हवे त्याची दुसरी प्रत ठेवा, नको ते काढून टाका. नव्या यंत्राचा विचार त्यानंतर.