समुद्र खारट का? अर्धे उत्तर पुरे नाही

‘समुद्राचे पाणी खारट का असते?’ हा प्रश्न नागपूरच्या जरीपटका भागातील कोणत्याही माध्यमिक शाळेत विचारून पाहा. ‘नद्या जमिनीवरील क्षार वाहून नेतात, पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात,’ असे उत्तर चटकन मिळेल. उत्तर चूक नाही. त्याला गुणही मिळतील. पण ते अर्धेच आहे, आणि या अर्ध्या उत्तरावर आपण विद्यार्थ्यांना थांबवून ठेवतो, हे माझ्या मते योग्य नव्हे. समुद्र म्हणजे एक भलेमोठे भांडे, त्यात जे पडेल ते साठत जाते आणि एवढ्या पाण्याचे कधी काही बिघडत नाही, अशी समजूत त्यातून मनात घर करते.

याच समजुतीने एक नामांकित शास्त्रज्ञही चकला होता. १८९९ साली आयर्लंडमधील जॉन जोली यांनी एक हिशेब मांडला. समुद्रात एकूण सोडियम किती आहे आणि नद्या दरसाल किती आणतात, हे काढावयाचे. पहिल्या संख्येला दुसरीने भागले की समुद्राचे वय मिळेल! उत्तर आले ८ ते ९ कोटी वर्षे. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे, हे आज आपण जाणतो. जोली यांचा भागाकार बरोबर होता. चुकले होते ते गृहीत. समुद्रात आलेले सोडियम समुद्रातच राहते, असे त्यांनी धरले होते.

खरे पाहता समुद्राच्या वहीत जमेप्रमाणे खर्चाचीही बाजू आहे. उथळ आखाते आटली की मिठाचे जाड थर खडकांत गाडले जातात. कॅल्शियम चुनखडकात जाऊन बसते. सागरतळावरील तप्त खडकांच्या भेगांतून पाणी फिरते तेव्हा त्यातील मॅग्नेशियम खडकात राहते आणि कॅल्शियम पाण्यात येते. अशी उष्ण पाण्याची विवरे १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ प्रथम प्रत्यक्ष पाहण्यात आली. सोडियमचा अणू समुद्रात कोट्यवधी वर्षे राहतो, कॅल्शियमचा सुमारे १० लाख वर्षे. जमा आणि खर्च सारखे असतील तोवर शिल्लक स्थिर राहते. एक बाजू बदलली की समुद्राचे पाणीच बदलते. आज समुद्रात कॅल्शियमच्या प्रत्येक अणूमागे मॅग्नेशियमचे सुमारे पाच अणू आहेत. डायनोसॉरच्या अखेरच्या काळात, म्हणजे क्रिटेशस कल्पात, ते एक-दोनच होते. जुन्या मिठाच्या स्फटिकांत अडकलेले त्या काळच्या समुद्राचे सूक्ष्म थेंब तपासून हे कळले आहे.

यावर नागपूरचा विद्यार्थी म्हणेल, “समुद्र आमच्यापासून पाचशे किलोमीटरहूनही दूर, आम्ही हे कुठे पाहावे?” माझे उत्तर असे, की जरीपटक्याहून कामठी रस्त्याला लागा आणि जबलपूरच्या दिशेने रामटेक तालुक्यातील मनसरपर्यंत जा. मनसर, कांद्री आणि सावनेर तालुक्यातील गुमगाव येथील मँगनीजच्या खाणी प्रसिद्ध आहेत. हे मँगनीज कँब्रियनपूर्व काळातील, म्हणजे ५४ कोटी वर्षांहूनही जुन्या समुद्राच्या तळावर साचलेले आहे. पुढे उष्णता व दाब यांमुळे त्या थरांचे रूप पालटले. त्यांतील एका खडकाला एल. एल. फर्मर या भूवैज्ञानिकाने येथील गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले, आणि ते आज जगभर चालते.

समुद्रात एवढे मँगनीज आले कोठून? काही हातपंपांचे पाणी बादलीत घेतल्यावर स्वच्छ दिसते आणि थोड्या वेळाने तांबूस होते, हे तुम्ही पाहिले असेल. जमिनीखाली ऑक्सिजन नसल्यामुळे लोह पाण्यात विरघळून राहते. हवा लागताच त्याचा गंज होऊन तळाशी बसतो. मँगनीजचेही तसेच. प्राचीन समुद्राच्या खोल भागात ऑक्सिजन फारच कमी असे, म्हणून तेथे मँगनीज विरघळलेले राही. ते पाणी ऑक्सिजनयुक्त उथळ पाण्यात आले की काळा साका खाली बसे. आजच्या समुद्रात जवळजवळ सर्वत्र ऑक्सिजन खेळतो, म्हणून त्यात विरघळलेले मँगनीज अत्यल्प आहे. मनसरचा काळा दगड म्हणजे वेगळ्याच समुद्राची साक्ष होय.

दुसरा साक्षीदार यवतमाळ जिल्ह्यातील वणी आणि चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूर या भागातला चुनखडक. चुनखडक म्हटला की आपण शंखशिंपले शोधू लागतो. येथे ते सापडणार नाहीत. पैनगंगा खोऱ्यातील हे थर साचले तेव्हा कवच बांधणारे प्राणीच जन्मले नव्हते. त्या काळच्या पाण्यातून चुना कवचांशिवायच खाली बसत असे. आज हे काम मुख्यतः प्रवाळ आणि सूक्ष्म सागरी जीव करतात.

हाच चुनखडक आता सिमेंटच्या भट्टीत भाजला जातो आणि प्राचीन समुद्राने त्यात कोंडलेला कार्बन डाय-ऑक्साइड हवेत सुटतो. कोराडी आणि खापरखेडा येथील वीजकेंद्रांत जळणारा कोळसा त्यात भर घालतो. माणसाने हवेत सोडलेल्या या वायूपैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. औद्योगिक क्रांतीपासून सागरपृष्ठाच्या पाण्याचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. फरक क्षुल्लक वाटेल. पण सामूच्या मोजपट्टीवर ०.१ ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांत पाव पटीने वाढ. पाणी अद्याप अल्कधर्मीच आहे. परंतु मालवणच्या प्रवाळांसारख्या जीवांना त्यातून चुना मिळवणे अधिक जड जाते.

काही जण म्हणतात, “समुद्र पूर्वीही बदललाच की! मग आताच काळजी कशाला?” हा युक्तिवाद मला मान्य नाही, आणि तो खोडून काढण्यासाठीच समुद्राचा इतिहास शिकला पाहिजे. बदल सावकाश झाला तर झिजणारे खडक आणि सागरतळावरील चुना आम्लता आवरतात. पण त्या कामाला हजारो-लाखो वर्षे लागतात. सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी काही हजार वर्षांच्या अवधीत हवेत व समुद्रात प्रचंड कार्बन मिसळला, तेव्हा खोल समुद्रातील चुना विरघळला आणि तेथे तांबूस चिकणमातीचा थर तेवढा उरला. घडी पुन्हा बसायला लाखाहून अधिक वर्षे लागली. आपण तर दोन-अडीच शतकांतच हा उद्योग मांडला आहे.

म्हणून शिक्षकांना माझी सूचना आहे. प्रयोगशाळेच्या कपाटात मनसरचा मँगनीजचा खडा आणि वणीच्या चुनखडकाचा तुकडा शेजारी शेजारी ठेवावा. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकण्याचा प्रयोग पाणी दुधाळ होताच थांबवू नये, फुंकत राहावे. काही वेळाने ते पाणी पुन्हा निवळते, कारण जादा कार्बन डाय-ऑक्साइडमुळे बसलेला चुना विरघळतो. मग मुलांना विचारावे : समुद्रात काय येते, काय जाते, आणि शिल्लक कोण बदलतो? या प्रश्नाला गुण ठेवा. पहिल्या अर्ध्या उत्तरावर मुले थांबणार नाहीत.